हळदीच्या ढिगावरची ताडपत्री

ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. पण हे घडलेलं आहे.

नावंसुद्धा बदललेली नाहीत. बदलून आता कोणाचं काय राखायचं?

गाव कुरुंदा. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. साल दोन हजार एकवीस. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशीची दुपार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. अंगणात लख्ख ऊन होतं आणि घराचं दार सताड उघडं होतं.

अमृतराव भूतखेत मानणारे नव्हते. त्यांच्या घरात देवघर नाही. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. मसणवाटेच्या रस्त्यानं ते रात्री-बेरात्री एकटे यायचे. पोरीलाही त्यांनी असंच वाढवलं. कोणी अंगात आलं म्हणून घुमायला लागलं, तर पोरगी खुशाल म्हणायची, "बीपी तपासा त्यांचं."

म्हणूनच त्या दुपारचं काय करावं, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

अमृतरावांचा धंदा हळद शिजवायचा. तांड्यावरचे हिरासिंग राठोड आणि ते, दोघांच्या भागीत वाफेचा कुकर होता. शिमग्याच्या आधीपासून उन्हाळा सरेपर्यंत कुकर घेऊन शेतोशेत फिरायचं. एका बाजूला भट्टी आणि पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला हळदीचे ड्रम. वाफ टाकीतून निघून ड्रममध्ये जाते आणि हळद शिजते. झाकणाच्या फटीतून वाफ निसटायला लागली, तर हळद मधे कच्ची राहते. मग फटीवर ओलं पोतं दाबायचं, वरून चिखल लिंपायचा.

हे काम पद्माबाईंचं. अमृतरावांची बायको. चिखल लिंपावा तर तिनंच. कुठून वाफ निसटते, हे तिला दुरून नुसत्या आवाजावरून कळायचं.

"अवं, तुमच्याकडून गळून राहिलं," ती भट्टीपाशी बसून ओरडायची.

"कुठं गळतंय? मला तर काय दिसंना."

"डोळ्यानं न्हाई दिसत ते. कान लावा. लगीन करताना तरी कान बराबर होते ना?"

हिरासिंग हसून हसून भट्टीत लाकूड उलटं घालायचे.

त्या वर्षी घरची हळद वाळून तयार होती. पण कोरोनानं बाजार बंद. हळद घासायचा पॉलिशचा ढोल बंद. त्यात अवकाळी पावसाचं भ्या. पद्माबाईंनी सगळी हळद आतल्या खोलीत ओढून ढीग घातला. वर निळी ताडपत्री टाकली आणि कडेनं विटा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही ताप.

अमृतरावांचा ताप उतरला. तोंडाची चव गेली, नाकाचा वास गेला. घरभर हळद, पण नाकाला काही नाही. पद्माबाईंना मात्र तसली काही तकलीफ नव्हती. ती उठत होती, बसत होती, बोलत होती.

सरकारी दवाखान्याच्या आशाताईंनी बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आणलं. पद्माबाईंच्या बोटाला लावलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काकू, दम लागतो का?"

"न्हाई बाई. काहून?"

"आकडा लई कमी दाखवतंय."

"मग तुमचं मशीनच नासलं असंल. ह्यांना लावून बघा."

अमृतरावांना लावलं. त्यांचा आकडा बराबर आला.

पुन्हा पद्माबाईंच्या बोटाला लावलं. पुन्हा तेच.

ती हसत होती. आणि तिची नखं निळी पडली होती.

त्यांची पोरगी राणी हिंगोलीच्या एका दवाखान्यात नर्स. तिनं फोनवरूनच गाडी पाठवून आईला तिथं भरती करून घेतलं. अमृतरावांना घरातच राहायला सांगितलं. बाहेर पडायचं नाही, कोणी आत यायचं नाही. हिरासिंग रोज दुपारी तांड्यावरून भाकरी आणायचे, अंगणाच्या कुडावर ठेवायचे आणि रस्त्यावरूनच हाक द्यायचे.

"अमृतभाऊ! हाय का गेले?"

"हाय."

"मग डबा घ्या. गेले असते तर माझी भाकर वाचली असती."

तेवढाच माणसाचा आवाज. बाकी घर चिडीचूप.

पद्माबाईंचा फोन यायचा. राणी किट घालून तिच्या कानाला धरायची.

"मला हितं पालथं निजवून राहिले," ती म्हणाली. "लेकरावाणी."

"बोलू नको. दम लागंल."

"न्हाई लागत. ताडपत्री उडाली न्हाई ना?"

"न्हाई."

"विटा हायत ना बराबर?"

"हायत म्हणलं ना! तू तुझं बघ."

"तुमचा काय भरवसा..." ती म्हणाली, आणि वाक्य अर्धंच राहिलं. पुढं नुसता श्वासाचा आवाज. मग फोन कट झाला.

ते तिचं शेवटचं बोलणं.

त्याच संध्याकाळी तिच्या घशात नळी घातली. झोपेचं औषध दिलं. आता श्वास ती घेणार नव्हती, मशीन देणार होतं.

अमृतराव रोज विचारायचे, "कशी हाय?" राणी रोज वेगळं काहीतरी सांगायची. शेवटी एक दिवस तिनं खरं सांगितलं.

"बाबा, फुप्फुस ताठ झालंय आईचं. चामड्यावाणी. मशीन जोर लावून हवा घालतंय."

"मग जाते ना हवा?"

"जाते. पण अंगाला लागंना. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसातल्या बारीक बारीक नसांत रक्ताच्या गाठी झाल्यात. हवा जिथं पोचते तिथं रक्त येत न्हाई. आणि जिथं रक्त येतं तिथं हवा पोचत न्हाई. तुंबलेल्या नसांतून रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगलीय."



"म्हणजे वाफ सोडलीय, पण हळद कच्चीच," ते म्हणाले.

राणी फोनवर रडायला लागली.

"मग ती हवा जाते कुठं?" त्यांनी विचारलं.

"कुठं जाणार बाबा? आत जाते, तशीच बाहेर येते. फुकट."

फुकट.

तो शब्द त्यांच्या डोक्यातून जाईना.

आता ती दुपार.

अमृतराव ओसरीवर पडले होते. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी, पण गावात कसलीच तयारी नव्हती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कुडापलीकडच्या लिंबाचं पान हलत नव्हतं.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

सुस्स...

मग काही नाही.

मग... हुस्स.

त्यांना वाटलं, साप असेल. काठी घेऊन आत गेले. कोपरे बघितले. साप नव्हता.

सुस्स...

आवाज ढिगाकडून येत होता.

अमृतराव जागच्या जागी उभे राहिले.

ताडपत्री हळूहळू वर येत होती. मधोमध. पोटासारखी. वर आली, जराशी थांबली...

आणि खाली बसली.

हुस्स.

खिडकी बंद होती. वाऱ्याची झुळूकही नव्हती. खुंटीवरचा सदरा हलत नव्हता. फक्त ताडपत्री.

त्यांनी दोन विटा काढल्या आणि कोपरा उचलला. आत हळद. हात घातला. हळकुंडं. उंदीर नाही, बीळ नाही. खाली घट्ट बसवलेली शहाबादी फरशी.

कोपरा सोडला. ताडपत्री पुन्हा वर आली.

सगळं एका मापात. वर यायला जितका वेळ, तितकाच दर वेळी. थांबायला जितका वेळ, तितकाच दर वेळी. माणूस असा श्वास घेत नाही. माणसाचा श्वास मागंपुढं होतो.

त्यांनी राणीला फोन लावला.

"तू आईजवळ हाय का?"

"व्हय. काहून?"

"फोन मशीनजवळ धर."

"बाबा, तुम्हाला बरं हाय ना?"

"धर म्हणतो ना!"

तिनं धरला.

फोनमधून आवाज आला... सुस्स. आणि समोर ताडपत्री वर आली.

फोनमधून... हुस्स. ताडपत्री खाली बसली.

पुन्हा.

आणि पुन्हा.

एक क्षण मागं नाही, एक क्षण पुढं नाही.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," अमृतराव म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. अमृतराव पळाले नाहीत. ते भ्याले होते. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपल्याला काही करता येईल.

हवा जाते, पण अंगाला लागत नाही. मग ती जाते कुठं?

हितं येते. हितं गळून राहिली.

आयुष्यभर त्यांनी तेच बघितलं होतं. वाफ निसटते म्हणून हळद शिजत नाही. फट सापडली, की बुजवायची. यापलीकडं त्यांना काही माहीतच नव्हतं.

अंगणात जाऊन त्यांनी काळ्या मातीचा चिखल केला. पोती भिजवली. गुडघ्यांवर बसून ढिगाच्या कडेकडेनं पोती दाबत गेले आणि वरून चिखल थापत गेले. अंगात ताकद नव्हती. खोकला येत होता. पद्माबाईंचं काम त्यांना तिच्याइतकं जमत नव्हतं, तरी कान लावून लावून जिथं आवाज येईल तिथं लिंपलं.

शेवटचा कोपरा बुजला.

ताडपत्री वर आली... आणि या वेळी अर्धीच खाली बसली.

आवाज थांबला.

थोड्या वेळानं फोन वाजला. राणी.

"बाबा! आकडा चढायला लागला! सकाळपासून हलत नव्हता. डॉक्टरसुद्धा बघायला आले. बाबा, ऐकून राहिले ना?"

अमृतरावांना रडू फुटलं. चिखलाचा हात तोंडावर धरून ते फरशीवर बसले.

"बाबा, रडू नका. चढतोय अजून."

बाहेरून हाक आली.

"अमृतभाऊ! हाय का गेले?"

ते धावतच ओसरीवर आले. "हिरासिंग! आकडा चढला तिचा! मी गळती बुजवली!"

"कसली गळती?"

"आत. हवा गळून राहिली होती. पोतं लावलं, चिखल लावला. सगळं बंद केलं!"

हिरासिंगांना त्यातलं काही समजलं नाही. त्यांना वाटलं, तापात बरळतोय. म्हणून त्यांनी नेहमीसारखी चेष्टा केली.

"सगळं? अन् शिट्टी कुठं ठेवली? का कुकर उडवता गावासकट?"

अमृतराव उभ्या जागी थिजले.

कुकरवाल्याला हे कोणी सांगावं लागत नाही. फटी बुजवायच्या, पण जादा वाफेला एक वाट मोकळी ठेवायची. ती बुजली तर ड्रम फुटतो. हे त्यांनी दुसऱ्यांना शिकवलं होतं.

आत फोन वाजायला लागला.

ते आत धावले. पण आधी त्यांची नजर फोनवर गेली नाही, ढिगावर गेली.

ताडपत्री फुगली होती.

खाली बसत नव्हती. दर वेळी आणखी थोडी वर. आणखी थोडी. निळं कापड ताणून ताणून पांढरं पडलं होतं. चिखलाला तडे जात होते. आणि आवाज... आवाज काहीच नव्हता.

फोन कानाला लावला.

"बाबा, हवा बाहेर येईना! आत जाते, बाहेर येईना. मशीन बोंबलून राहिलं... दाब चढतोय..." मागं कोणीतरी ओरडत होतं. मशीनची घंटा वाजत होती. "बाबा, मी ठेवते..."

अमृतरावांनी फोन फेकला. ढिगाजवळ पडून दोन्ही हातांनी चिखल ओरबाडला. पोतं ओढलं. ओलं पोतं फरशीला चिकटून बसलं होतं, निघत नव्हतं. नखं उखडली. त्यांनी दातानं धरलं.

पोतं सुटलं.

हवा बाहेर आली. गरम, ओली. सरळ त्यांच्या तोंडावर.

आणि त्यांना वास आला.

कित्येक दिवसांत नाकाला काही कळलं नव्हतं. पण तो वास आला. हळदीचा नाही. मिसरीचा. पद्माबाई सकाळी दाताला मिसरी लावायची. हसली, की तिच्या तोंडाला यायचा, तोच. तितक्याच जवळून.

मग तोही गेला.

ताडपत्री ढिगावर सपाट पडली.

हिरासिंग नियम मोडून दारापर्यंत आले होते. त्यांनी अमृतरावांना फरशीवर पडलेलं बघितलं. हाताला रक्त, तोंडात पोत्याची सुतं.

"भाऊ..." ते म्हणाले. 

राणीचा फोन दिवस मावळताना आला. फुप्फुस फुटलं होतं. हवा छातीत साठली. डॉक्टरांनी बरगडीतून नळी घातली, पण थकलेल्या हृदयाला ते झेपलं नाही.

"चामड्यासारखं झालेलं फुप्फुस मशीनच्या दाबानं फुटतं बाबा. ह्या आजारात फुटतं. मी बघितलंय आधी." ती अगदी शांत बोलत होती. रडायचं संपलं होतं.

"किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

हिरासिंगांनी भाकरी आणली तीच वेळ.

पद्माबाई घरी आली नाही. पिशवीत बांधून तिकडंच अग्नी दिला. पौर्णिमेच्या सकाळी राणीनं लांबून बघितलं. इकडं अमृतराव एकटेच फोटोपुढं बसले. त्रिशरण म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज फुटला नाही. हिरासिंग कुडाबाहेर उन्हात उभे होते. त्यांना त्यातले शब्द येत नव्हते. ते नुसते हात जोडून उभे राहिले.

नंतर राणी आली. अमृतरावांनी तिला सगळं सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं. बाप काय बोलतोय ते कळायला तिला वेळ लागला. मग तिनं त्यांचे फुटलेले हात हातात घेतले.

"बाबा, तुम्हाला ताप होता. तुमचा पण ऑक्सिजन कमी झाला असंल. माणसाला काहीबाही दिसतं तेव्हा."

"अन् हिरासिंगनं बघितलं ते?"

"त्यांनी ढीग बघितला का तुम्हाला बघितलं?"

 तिचं बरोबर होतं. तेव्हा हिरासिंगांनी ढीग बघितला नव्हता.

बाजार सुरू झाला. भाव चांगला होता. हिरासिंग टेम्पो घेऊन आले.

"चला भाऊ, हळद काढू. वहिनीच्या हातची हाय, सडायला नको."

दोघे आत गेले. हिरासिंगांनी ताडपत्रीला हात घातला.

आणि हात तसाच राहिला...

ताडपत्री त्यांच्या तळव्याखाली वर आली.

जराशी. एवढीशी. आणि पुन्हा खाली.

हिरासिंगांनी हात काढला. डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि छातीशी धरलं. बराच वेळ ते त्या ढिगाकडं बघत होते.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "मशीन तर बंद केलं ना तिकडं?"

"कवाच."

हिरासिंग मागं मागं सरकत बाहेर गेले. टेम्पो रिकामा गेला. त्यानंतर ते त्या घरात आलेले नाहीत. कुकर त्यांनी विकून टाकला. अजूनही भाकरी आणतात, कुडावर ठेवतात. हाक मात्र मारत नाहीत.

राणीनं अमृतरावांना हिंगोलीला न्यायचा खूप प्रयत्न केला. रागावली, रडली. ती आली, की ताडपत्री हलत नाही. तिच्यासमोर एकदाही हलली नाही. ती हात लावून बघते आणि म्हणते, "बघा बाबा, काय हाय? काही न्हाई." आणि ती गेली, की...

आता इतकी वर्षं झाली. हळदीला भुंगा लागून पीठ झालं. ढीग बसत चालला आहे. अमृतरावांनी एक कोपरा कायम उघडा ठेवला आहे. तिथं वीट ठेवू देत नाहीत.

ते रोज ढिगापाशी बसतात. आता ती हालचाल मापात नाही. कधी लवकर, कधी उशिरा. झोपेतल्या माणसाची असते तशी. पद्माबाईच असेल, असं ते कोणाला म्हणत नाहीत. कोण आहे, हे त्यांना माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की जे कोणी आहे त्याला दम लागतो आहे.

एकदा त्यांनी ताडपत्री ओढून फेकून द्यायचं ठरवलं होतं. हातात धरलीसुद्धा. मग वाटलं, ती काढली आणि खालचा श्वास तुटला तर?

तिला दुसऱ्यांदा कोण मारणार?

सोडून दिली.

ताडपत्री वर येते. खाली बसते. मग अमृतराव वाट बघतात.

आधी फार वाट बघावी लागत नव्हती.

परवा ती खाली बसली, तेव्हा भिंतीवर ऊन होतं. पुन्हा वर आली, तेव्हा ऊन दारातून निघून गेलं होतं.

मधे ते उठले नाहीत. हिरासिंगांचा डबा कुडावरच राहिला.